श्वास धरून भाजलेल्या भाकऱ्या

सोलापूर, १८ नोव्हेंबर २०२४

अक्का,

वरती नमस्कार लिहिला नाही, कारण तो वाकून करायचा असतो आणि वाकलं की मला हल्ली धाप लागते. तुम्ही मोठ्या आहात, तेवढं समजून घ्या.

हे पत्र उत्कर्षा तुम्हाला वाचून दाखवेल. उत्कर्षा, तुझ्या लग्नाला मी आले नाही, तुला फोटोतच पाहिलंय, तरी चुलतसासू म्हणून एक सांगते. मधलं काही गाळायचं नाही. सासूबाईंच्या कपाळावर आठी आली तर आणखी मोठ्यानं वाचायचं.

फोन दोनदा केला होता. दोन्ही वेळा तुम्ही माझा आवाज ऐकला आणि फोन सुनेच्या हातात दिलात. बरंच झालं म्हणा. फोनवर माझं वाक्य अर्ध्यावर येतं आणि उरलेलं खोकल्यात जातं. कागदावर तसं होत नाही. दम गेला की थांबायचं, आला की पुढं लिहायचं, समोरच्याला कळतही नाही.

आधी हे सांगून टाकते की मी अजून रागावलेली आहे. गेल्या वर्षी श्रावणात तुमचे धाकटे दीर, म्हणजे माझे मालक, गेले. मातीला टेंभुर्णीहून तुमचा आदिनाथ आला, आपल्या भाकऱ्या घेणारे नवी पेठेतले दुकानदार आले, ज्यांची नावंही मला माहीत नाहीत असे लोक आले. थोरली जाऊ आली नाही. ज्या घरात माणूस गेलं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. त्या घरच्या बाईच्या तोंडात कडू घास घालायचा तो आपल्यात थोरल्या जावेनं. तुमचे मालक, आप्पा गेले तेव्हा घरात थोरलं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो मी तुम्हाला भरवला होता. मला कुणी भरवला ते आठवत नाही. कुणीतरी पिठलं-भाकरीचं ताट पुढं केलं आणि मी गिळलं. त्याबद्दल आता मी काही विचारणार नाही.

मग पत्र कशाला, असं म्हणाल. उत्कर्षा म्हणाली की दिवाळीपासून तुम्ही दमामुळं खाटेवरून उठत नाही. आदिनाथनं खाट टीव्हीपुढं आणली आहे, जेवण हातात, पाणी हातात, उशाशी घंटी. ते ऐकलं आणि मला माझे दिवस आठवले. माझ्या छातीला जे झालंय त्याला सीओपीडी म्हणतात. दवाखान्यात पहिलाच प्रश्न, बिडी ओढता का? म्हटलं, नवऱ्यानं कधी ओढली नाही ती मी ओढणार होय? मग डॉक्टरांनी विचारलं, स्वयंपाक कशावर करता? तेव्हा सगळं सांगितलं. दोघी जावा पत्र्याच्या शेडमध्ये एका चुलीवर कडक भाकऱ्या करायचो, सकाळी पेटलेली चूल दुपार कलल्यावर विझायची, लग्न होऊन आल्यापासून तुम्ही टेंभुर्णीला लेकाकडं जाईपर्यंत असंच. डॉक्टर म्हणाले, म्हणजे ओढलीतच की.

मी थापायला असायचे, तुम्ही भाजायला. धुराच्या तोंडाशी तुम्ही होतात. मला इतकं झालंय तर तुम्हाला किती झालं असेल, एवढंच मनात आलं आणि कागद घेतला.

इथं छातीच्या दवाखान्यात दम लागणाऱ्यांसाठी व्यायामाचा वर्ग चालतो. मी जाते. तुम्ही यायचं आणि माझ्याकडं राहायचं. माझ्याशी बोललं पाहिजे असं काही नाही.

वैजयंती


सोलापूर, २ डिसेंबर २०२४

अक्का,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. उत्कर्षानं एवढंच कळवलं की पत्र संपल्यावर तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. भिंत काय बोलली ते तिला विचारायला सांगा.

त्या वर्गाबद्दल लिहिते, म्हणजे तुम्हाला भीती राहणार नाही.

पहिल्या दिवशी मला सायकलवर बसवलं. जन्मात कधी सायकलवर बसले नव्हते, आणि बसले ती अशी सायकल की जागची हलत नाही. तोंडावर रबरी मुखवटा, त्याला नळी, छातीला तारा, बोटाला चिमटा. साडीत जमत नाही म्हणाले, म्हणून अकबरीची सलवार मागून नेली होती. माझ्या खालच्या खोलीतली अकबरी, गैबीसाब रिक्षावाल्याची बायको, तुम्ही ओळखता तिला. मी पाय मारत होते आणि पडद्यावर माझा श्वास वर-खाली होत होता. बघताना तो दुसऱ्याच कुणाचा असावा असं वाटत होतं. हल्ली मला सगळंच तसं वाटतं, म्हणून त्याचं विशेष काही नाही.

वर्ग घेणारी फिजिओथेरपिस्ट आहे, रेश्मा. आदिनाथच्या वयाची असेल. तिनं नंतर समजावून सांगितलं. म्हणाली, "मावशी, तुम्ही हवा कमी घेत नाही, उलट लई घेता. पण ती वाया जाते." म्हटलं, वाया जायला ते काय पीठ आहे? तर म्हणाली, भरभर आणि उथळ श्वास घेतला की हवा घशापर्यंत येते आणि तिथूनच मागं फिरते, रक्तापर्यंत पोचतच नाही. दारात उभं राहून 'आहे का कुणी' विचारतो आणि परत जातो, अशा पाहुण्यासारखं ते. शिवाय आत जुनी हवा अडकून बसते आणि ती निघाल्याशिवाय नवीला जागा होत नाही. धडधाकट माणूस जेवढ्या हवेत जिना चढतो त्याच्याहून कितीतरी जास्त हवा मी ओढते, आणि तरी मला ती पुरत नाही.

फुफ्फुसं आता नवी होणार नाहीत, हे तिनं सरळ सांगितलं. मला ते आवडलं. पण आहे ती हवा नीट वापरायला शिकता येतं. आणि पायांत ताकद आली की पाय हवा कमी मागतात. हे मला नवीन होतं. मी समजत होते की दम छातीचा असतो, तर निम्मा पायांचा निघाला.

आणखी एक गोष्ट तिनं पकडली. पाय मारायला लागायच्या आधी मी श्वास धरते. "असं का करता?" तिनं विचारलं. मला सांगता येईना. घरी येताना रिक्षात लक्षात आलं. भाकरी तव्यावर टाकायला, उलटायला, निखाऱ्याशी उभी करायला वाकलं की धूर नको म्हणून आपण श्वास धरायचो आणि भाकरी बाहेर आली की सोडायचो. हे तुम्हीच मला शिकवलंत. मी नवी नवरी होते, खोकून खोकून डोळ्यांतून पाणी काढत होते, तेव्हा म्हणालात, "वैजे, धुरात तोंड घातलं की श्वास घ्यायचा न्हाय. मग काय हुत न्हाय." काम दिसलं की श्वास धरायचा, हे अंगात इतकं मुरलंय की आता नुसतं उठायचं म्हटलं तरी तो धरला जातो. मग सुटतो तेव्हा धापच लागते.

उत्कर्षा, सासूबाई खाटेवर उठून बसतात तेव्हा नीट बघ. आधी श्वास धरतात का ते मला कळव.

वैजयंती


सोलापूर, १६ डिसेंबर २०२४

अक्का,

धरता. उत्कर्षानं कळवलं. मला कळलंच होतं.

आदिनाथचाही निरोप आला. "काकू, आईला आमी काडी उचलू देत न्हाय, आन् तुमी व्यायाम कुटं सांगता." पोरगा गुणाचा आहे, आईवर त्याची माया आहे. त्याच्यावर मी रागावले नाही. सगळ्यांना तसंच वाटतं. चाललं की धाप लागते, बसलं की लागत नाही, तेव्हा बसवूनच ठेवा. तुमचे दीर गेल्यावर मीही वरच्या खोलीत अशीच बसून होते. भाजी अकबरी आणायची, दळण अकबरी आणायची. मला कुठं जावंसंही वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं म्हणून नव्हे, काहीच वाटत नव्हतं. मग एक दिवस न्हाणीघरातून उठता येईना. पाय बसून बसून वाळले होते, आणि वाळलेले पाय एवढ्याशा कामाला भरमसाट हवा मागतात. जास्त धाप लागली म्हणून मी आणखी बसले. हे असंच चालू राहिलं की पुढं काय होतं ते रेश्मानं मला सांगितलं. म्हणाली, मग एक दिवस माणूस उठत नाही.

अक्का, तुम्ही त्याच वाटेवर आहात. तुमच्यावर उपकार करायचे म्हणून मी हे लिहीत नाही. तुम्ही उठायच्या राहिलात तर मग कायमच्याच राहाल, एवढं कळतंय आणि गप्प बसवत नाही.

आमच्या वर्गात अक्कलकोटची ईरम्मा होती. जन्मभर बिड्या वळल्या, ओढल्याही असतील. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची. गेल्या महिन्यात तिचा मुलगा तिला घेऊन गेला. म्हणाला, म्हातारीचे हाल बघवत नाहीत, घरी पडू दे निवांत. ती जाताना माझ्याकडं बघून म्हणाली, "चालायचं बंद झालं बघ. साकू." साकू म्हणजे पुरे. बिचारीला बरंही वाटलं असेल.

आता माझी फजिती ऐका. रेश्मा म्हणाली, नाकानं श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून फुंकर घालत सोडा. म्हटलं, फुंकर घालायला मला कुणी शिकवायला नको. आणि घातली. ओल्या लाकडाला घालतो तशी घातली. पुन्हा घातली. डोळ्यांपुढं काजवे आले, सगळा वर्ग गोल फिरायला लागला आणि मला खाली बसवलं. रेश्मा घाबरली, मग तिनं विचारलं, "मावशी, कुणाला पेटवताय?" बशीतला चहा निवतो तेवढीच फुंकर हवी होती. हळू आणि लांब. घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट सोडायला. आपण दोघींनी जन्मभर फुंकलं, पण हळू फुंकायची वेळ कधी आलीच नव्हती.

हे ऐकून तुम्ही हसलात का ते उत्कर्षा कळवेलच. माझ्यावर हसायचा मान अजून तुमचाच आहे.

वैजयंती


सोलापूर, ९ जानेवारी २०२५

उत्कर्षा,

आधीचा भाग तू मनात वाच. मोठ्यानं कुठून वाचायचं ते खाली लिहिलं आहे.

ईरम्मा गेली. संक्रांत दहा दिवसांवर असताना. तिचा मुलगा तिची औषधं परत द्यायला दवाखान्यात आला होता, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील म्हणून. बाहेरच्या बाकावर बसून होता. म्हणाला, शेवटी शेवटी कूस बदलली तरी तिला धाप लागायची, आम्ही तर तिला काहीच करू दिलं नव्हतं. काही करू दिलं नाही म्हणूनच तसं झालं, हे त्याला अजून कळलं नव्हतं आणि कळावं असं मलाही वाटलं नाही. मी त्याच्या शेजारी बसले, मग उठून वर्गात गेले आणि सायकल मारली.

मला रडू आलं नाही. तुला हे विचित्र वाटेल म्हणून सांगते. तुझे चुलतसासरे गेले तेव्हाही आलं नव्हतं. त्यांना अंघोळ घातली, बाहेर आणलं, सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मी सुरुवात केली. पहिला हुंदका आला आणि त्याच्या मागोमाग खोकला, आणि खोकल्याच्या मागं अशी धाप की कुणीतरी म्हणालं, तिला पंख्याखाली न्या. पंख्याखाली बसून श्वास जागेवर आणेपर्यंत त्यांना घेऊन गेले होते. त्यानंतर रडू परत आलंच नाही. रडायला दम लागतो, हे ज्यांच्याकडं दम आहे त्यांना माहीत नसतं. तेव्हापासून मी जेवते, झोपते, सण आला की पुरण घालते, आणि हे सगळं आपण लांबून बघतोय असं वाटतं.

तुझ्या सासूबाई त्या दिवशी आल्या असत्या तर मला रडू आलं असतं. म्हणून राग आहे. बाकी काही नाही. हे त्यांना सांगू नकोस.

आता इथून मोठ्यानं वाच.

अक्का, अक्कलकोटची ईरम्मा गेली. ती पडून होती. तुम्ही निदान खाटेवर पाय खाली सोडून बसायला लागा. गुडघा सरळ करायचा, तो करताना फुंकर, खाली घेताना श्वास. टीव्ही बघता बघता होतं, मालिका बुडत नाही. उत्कर्षा शेजारी बसून करील. आदिनाथला सांगायची गरज नाही, तो कामावर गेल्यावर करा.

वैजयंती


सोलापूर, २७ जानेवारी २०२५

अक्का,

आज हे पत्र उत्कर्षानं दार लावून वाचावं. पण सगळं मोठ्यानं वाचावं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली तशी रस्ते मोकळे झाले, म्हणून परवा मी वर्गातून येताना रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच सोडली आणि चालत आले. जिन्यापाशी आले तेव्हा दम लागला होता, पण घाबरायला झालं नाही. खालच्या पायरीवर बसले, हात गुडघ्यांवर टेकले आणि चंबू करून हळूहळू श्वास सोडत राहिले. अकबरी धुण्याची बादली घेऊन बाहेर आली. माझ्याकडं बघत उभी राहिली.

"तुमच्या जाऊबी असंच तोंड करून बसल्या होत्या की," ती म्हणाली. "हितंच. ह्याच पायरीवर."

"कधी?"

"बिभीषणभाऊ गेले त्या दिवशी."

मग तिनं बादली खाली ठेवली आणि तोंडावर हात धरला. तुम्ही तिला शपथ घातली होती म्हणे. पण इतक्या दिवसांत तुमचं-माझं बोलणं झालंच असेल असं ती धरून चालली होती. आपण दोघी एकमेकींशी बोलत नाही हे तिला माहीतच नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं.

मग मी तिच्याकडून एकेक करून काढून घेतलं. आदिनाथनं तुम्हाला गल्लीच्या तोंडाशी उतरवलं आणि तो पुरुषांबरोबर स्मशानात गेला. तुम्ही फडक्यात बांधलेली पिठलं-भाकरी घेऊन जिन्यापर्यंत आलात. दोन पायऱ्या चढलात आणि बसलात. पुन्हा उठलात आणि पुन्हा बसलात. ओठ निळे पडले होते म्हणाली. तिनं सांगितलं, खुर्ची आणते, चार जण उचलून वर नेतील. तर तुम्ही म्हणालात, "मातीच्या घरी खुर्चीत मिरवत जाऊ व्हय? आन् माझा दम बघितला की वैजी माझ्याच मागं लागंल, पानी आन, वारा घाल. आज तिला तिचं रडू दे."

अकबरीनं हे सांगितलं तेव्हा मी दुसऱ्यांदा सांगायला लावलं.

मग तुम्ही ते फडकं तिच्या हातात दिलंत. ती म्हणाली, तुम्ही आणलंय म्हणून वर सांगते. तर म्हणालात, "काय सांगू नगंस. भाकरी हातात घेतली की तिला कळतंय. कुनी भाजली ती वळखती."

आणि गाडीत जाऊन बसलात. आदिनाथ परत आल्यावर त्याला सांगितलंत, भेटून आले.

अक्का, मी ओळखली नाही.

तुम्ही भाजलेली भाकरी मी डोळे मिटून बोटानं ओळखीन. तुमची कड सगळीकडून सारखी खरपूस असते, आणि बाकी सगळ्यांची एका बाजूला जास्त. पण त्या दिवशी अकबरीनं ताट पुढं केलं आणि मी मोडून तोंडात घातली. दगड घातला असता तरी गिळला असता. तुमचा कडू घास मी खाल्ला, तुमच्या हातचा, रीतीप्रमाणं, आणि खाऊन उठल्यावर जाऊ आली नाही म्हणून तुमच्यावर डूख धरला.

आणि तुम्ही तिकडं बसून समजत राहिलात की वैजीला कळलंय. भाकरी बघून कळलंय, तरी एका शब्दानं बोलत नाही, सुनेच्या लग्नाला येत नाही. म्हणजे तुमचाही राग खराच. या राज्यात दुसऱ्या कुणी बायका भाकरीच्या कडेवर एवढा मोठा निरोप सोपवून निघून जातील असं मला वाटत नाही.

माझा राग गेला असं मात्र समजू नका. तो फक्त दुसरीकडं वळला. तुम्हाला इतका दम लागत होता तर सांगितलं का नाही? कुणालाही सांगायची लाज वाटली की मला सांगायची लाज वाटली? इतकी वर्षं एका चुलीशी बसलो. माझं पोट कधी दुखतंय ते तुम्हाला कळायचं, आणि तुमची छाती कधी भरून यायला लागली ते मला कळू दिलं नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटलं. वाईट वाटलं हे लिहितानाही नवल वाटतंय, कारण बऱ्याच दिवसांत मला वाईटही वाटलं नव्हतं.

आणि फोन. माझा आवाज ऐकून तुम्ही फोन सुनेकडं दिलात, तो रागानं दिलात असं मी धरून चालले होते. तुम्हाला बोलायला दम नव्हता. तेवढं कळायला मला व्यायामाचा वर्ग लावावा लागला.

उत्कर्षा, वाचून झालं की दार उघड. त्यांना वारा लागू दे.

वैजयंती


सोलापूर, ६ फेब्रुवारी २०२५

अक्का,

उत्कर्षाचा फोन आला. तिनं तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले, तुमच्यासारखा आवाज काढून. तुम्ही फोनवर आला नाहीत, पण मागं तुमची धाप ऐकू येत होती. मी ती ऐकत राहिले.

पत्र संपल्यावर तुम्ही तिला भाकरीची ओळ पुन्हा वाचायला लावलीत म्हणे. मग म्हणालात, "भाकरी वळखली न्हाय व्हय? मग ती लईच दुकात हुती." आणि नंतर म्हणालात, "तिला म्हनावं, सोलापूरला यायला मला न्हाय जमत आता."

न्हाय जमत. हे तुमच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आपल्या सासूबाई अंथरुणाला होत्या तेव्हा नाही, आप्पा गेल्यावर तिसऱ्या दिवशी चूल पेटवलीत तेव्हा नाही. जमत नाही असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, म्हणून तर आपण इथवर आलो. आता म्हणालात ते बरं केलंत. जमत नाही म्हणणाऱ्या माणसाबरोबर काहीतरी करता येतं. रेश्माचंही तेच म्हणणं आहे.

तुम्हाला यायचं जमत नाही, तर मी येते. रेश्माला विचारलं. घरच्या घरी काय काय करायचं ते तिनं मला दाखवलं, तुमच्या वयाला आणि तुमच्या श्वासाला जपून. आधी तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवायचं, बोटाचा चिमटा लावून प्राणवायू बघायचा आणि मगच सुरू करायचं. आदिनाथ चिडेल. चिडू दे, काकू आहे मी त्याची. ईरम्माच्या मुलाची गोष्ट मी त्याला सांगणार आहे, हळूच, जेवण झाल्यावर.

किती दिवस राहीन ते ठरवलं नाही. तुम्ही उठून चालायला लागेपर्यंत राहीन. नाही लागलात तरी राहीन.

शनिवारी सकाळच्या एसटीनं निघते. बसच्या पायऱ्या उंच असतात. मी एक पाऊल टाकून थांबते आणि मागचे लोक बोलतात, ते आता मला लागत नाही. टेंभुर्णीला आदिनाथला गाडी घेऊन पाठवू नका. स्टँडपासून तुमच्या घरापर्यंत मला चालत यायचं आहे. हॉटेलच्या बाकावर बसेन, पंक्चरच्या दुकानापाशी बसेन, कुणाच्याही ओट्यावर बसेन. माझ्या घरी निघालेली थोरली जाऊ जिन्यावरून मागं फिरली. तुमच्या घरी निघालेली धाकटी तरी पोचली पाहिजे.

आल्या आल्या मला बोलायला लावू नका. मला बोलता येणार नाही आणि तुम्हालाही येणार नाही. उत्कर्षाला सांगा, चहाची घाई नको. दोघींचा श्वास खाली बसू दे. मग मला रडायचं आहे. ते मी कुणापुढं रडले नाही, कारण जिच्यापुढं रडायचं ती खालून परत गेली होती, आणि माझ्याकडं तेवढा दमही नव्हता. आता थोडा जमवला आहे. सायकलवर पाय मारताना माझ्या मनात दुसरं काही नसतं. पुरेल की नाही माहीत नाही. मधे खोकला आला तर पाठीवर हात ठेवा आणि थांबा. पुन्हा सुरू करेन.

एकच काम तुमच्याकडं. शनिवारी दुपारी खाटेवरून उठायचं आणि दारापर्यंत यायचं. उत्कर्षाचा हात धरा, भिंत धरा, मधे खुर्ची ठेवून बसा, कितीही वेळ लागू दे. श्वास तेवढा धरू नका. तुम्ही दारापर्यंत या, अक्का. पुढचं मी चालून येते.

तुमची
वैजी